बँजो-मँडोलिनची शिकवणी लावायची तर उजव्या हाताची लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये राहणारे, पस्तिशीतले, आयटीत नोकरी करणारे एक गृहस्थ. कॉलेजपासून गिटारवर हिंदी-मराठी गाण्यांचे कॉर्ड वाजवतात. वर्षभरापूर्वी ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं तंतुवाद्यांवरचं लोकवळणाचं संगीत, कानावर पडलं आणि वेडच लागलं. बँजो घ्यावा की मँडोलिन, हे ठरत नाही. पुण्यात शिकवणारं कुणी सापडत नाही. अमेरिकेतल्या एखाद्या वादकाकडे ऑनलाइन खासगी शिकवणी लावली तर पैसे वसूल होतील, की यूट्यूबवरच भागेल? आणि दहा वर्षांची मुलगी व्हायोलिन शिकते, तिलाही यात ओढता येईल का?

मी मँडोलिन आणि बँजो वाजवतो, पुण्यात बरीच वर्षं गिटार आणि मँडोलिन शिकवतो, आणि तिकडच्या शिक्षकांकडे अजूनही अधूनमधून तास घेतो. म्हणजे शिकवणीच्या दोन्ही बाजूंना बसलेलो आहे.

शिकवणी जरूर लावा, पण चाली शिकण्यासाठी लावू नका. चाली फुकट मिळतात. कुठलीही प्रसिद्ध ट्यून घ्या, तिचे टॅब (कुठली तार कुठल्या पडद्यावर वाजवायची ते आकड्यांनी लिहिलेला कागद) आणि सावकाश वाजवून दाखवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. यूट्यूबवर वेग ०.७५ किंवा ०.५ केला तरी पट्टी बदलत नाही, त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रणावरूनही सूर उचलता येतात. डाव्या हाताची बोटं कुठं ठेवायची हे कॅमेऱ्यात दिसतं आणि कागदावर लिहिता येतं. उजवा हात नेमका काय करतो आहे, तारेला किती खोल लागतो आहे, कुठल्या सुराला जोर देतो आहे, हे तुमचं तुम्हाला कळत नाही. ते बघायला दुसरा माणूस लागतो. पैसे त्या माणसाच्या नजरेचे द्यायचे.

उजव्या हाताचं एवढं काय, हे समजायला या संगीताची घडण बघावी लागते. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या बिल मन्रोच्या ‘ब्लू ग्रास बॉईज’ या बँडवरून याला नाव पडलं. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा एकवीस वर्षांचा बँजोवादक त्या बँडमध्ये आला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांनी सुरांची सलग साखळी सोडायची त्याची पद्धत होती. लेस्टर फ्लॅट गिटारवर, चबी वाइज फिडलवर (म्हणजे व्हायोलिनच), मन्रो स्वतः मँडोलिनवर. या बँडात ड्रम नव्हता आणि ब्लूग्रासमध्ये आजही सहसा नसतो. ठेका वाद्यांनीच आपसात वाटून घेतलेला असतो. बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, मँडोलिनचा ‘चॉप’, म्हणजे कॉर्डचा तोडलेला झटका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, गिटार दोन्हीकडे पाय ठेवून, आणि मधल्या सगळ्या फटी बँजोने भरलेल्या. एकाचा उजवा हात ढिला पडला की सगळ्यांची लय ढासळते, आणि सावरायला तबलजी नसतो.

आता जवळून बघू. बँजोला पाच तारा. नेहमीच्या जुळणीत पांढरी पाच हा षड्ज धरा: वरून पाहिलं तर तार सा, मग मंद्र प, सा, ग, प. नुसत्या खुल्या तारा छेडल्या तरी कॉर्ड तयार. ती आखूड पाचवी तार, जिची खुंटी मानेच्या मध्येच पाचव्या पडद्याशी असते, ती सतारीच्या चिकारीसारखी सतत वर टणटणत राहते. उजव्या हाताच्या वाजवण्याच्या ठरावीक क्रमाला ‘रोल’ म्हणतात. फॉरवर्ड रोल म्हणजे अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी. एकूण आठ सूर, ३-३-२ अशी वाटणी. केरव्याच्या आठ मात्रा हाताशी असलेल्या आपल्या माणसाला हे गणित लगेच कळतं. अडचण पुढे येते. अंगठा जड असतो, त्यामुळे नवशिक्याच्या हातून जोर दर वेळी अंगठ्यावर पडतो. चालीचा सूर मात्र कधी तर्जनीवर असतो, कधी मधल्या बोटावर. ऐकणाऱ्याला नुसती खडखड ऐकू येते, गाणं सापडत नाही. टॅबमध्ये आठही सूर सारखेच छापलेले असतात, त्यामुळे विद्यार्थ्याला वाटतं की आपण तंतोतंत बरोबर वाजवतोय. आणि तो बरोबर वाजवतही असतो, फक्त ऐकवत नाही.

दुसरी खोड अनामिकेची. बँजोवर करंगळी आणि अनामिका घोडीजवळ चामड्यावर टेकवून ठेवायची असतात (चामडं म्हणायची सवय, आता ते प्लास्टिकचं असतं). मधलं बोट तार छेडतं तेव्हा अनामिकाही त्याच्याबरोबर उचलली जाते, कारण दोघींचे स्नायू एकमेकींत गुंतलेले. दर उचलीला हात किंचित हलतो, आणि वेग वाढला की साखळी तुटते. काही चांगले वादक फक्त करंगळी टेकवून वाजवतात. तुमच्या हाताला काय मानवेल, हे हात बघूनच सांगता येतं. चांगला शिक्षक पहिल्या पाच मिनिटांत सांगतो.

मँडोलिनवर उजव्या हाताचा प्रश्न वेगळा. आपल्याकडे मँडोलिन म्हटलं की हिंदी चित्रपटसंगीतातली ती थरथरती सुरावट डोक्यात असते. पिक (तार छेडायची चकती) सतत खालीवर, मोजणी नाही, सूर लांबवणं हा हेतू. हात त्याच वळणावर गेलेला विद्यार्थी आला की मला आधी ते थांबवावं लागतं. ब्लूग्रासमध्ये मात्रेवर पिक खाली, मात्रेच्या मध्ये वर, असा शिस्तीचा हिशेब. सूर वाजवायचा नसला तरी हात हवेत तेवढाच हलतो. आणि तो चॉप. जी कॉर्डचा नेहमीचा ठेवा सातवा, पाचवा, दुसरा, तिसरा पडदा असा पसरलेला असतो; करंगळी पहिले काही आठवडे शिव्या देते. पिकने चारही जोड्यांवर एक झटका द्यायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताची पकड सैल करायची. बोटं तारांवरच राहतात, फक्त दाब जातो. आवाज ‘झँऽऽ’ आला तर चुकलं, ‘चक्’ आला तर जमलं. सैल करायला थोडा उशीर झाला तर कॉर्ड रेंगाळतो, घाई झाली तर नुसता खरखराट येतो. दोन्हींमधली जागा शब्दांत सांगता येत नाही. शिक्षक वाजवतो, तुम्ही वाजवता, तो मान हलवतो, पुन्हा वाजवता, आणि दहाव्या-पंधराव्या वेळी ती सापडते.

गिटारवाल्यांना वाटतं, आपल्याला यातलं काही लागू नाही. उलट त्यांनाच जास्त लागू आहे. पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक गिटार क्लासात तो एक स्ट्रमिंग पॅटर्न पहिल्या महिन्यात शिकवतात: डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप. हिंदी गाण्यांना तो छान चालतो. ब्लूग्रासमध्ये तो वाजला की बाकीचे वादक एकमेकांकडे बघतात. इथं एक खर्जाची तार, मग एक आखूड झटका, पुन्हा दुसरी खर्जाची तार, पुन्हा झटका, असं साधंसुधं काम असतं. दिसायला बालवाडी, चार मिनिटं एका लयीत, एका वजनात करून बघा. तुमच्याकडे गिटार आहेच. माझा सल्ला असा की बँजो-मँडोलिनवर खर्च करण्याआधी पहिले तीन-चार तास याच गिटारवर ब्लूग्रासचा ताल शिका. पिक मात्र बदला. क्लासात देतात ते पातळ, लवचिक पिक इथं चालत नाही, किमान एक मिलिमीटर जाड हवं. जाता जाता: या संगीतात ज्या गिटारचा दबदबा आहे त्या मार्टिन डी-२८ ची पाठ आणि बाजू १९६९ पासून आपल्याकडच्या शिसवी लाकडाच्या आहेत. अभिमान वाटून घ्यायला हरकत नाही, किंमत ऐकेपर्यंत.

पुण्यात कुणाकडे जायचं? निव्वळ ब्लूग्रास शिकवणारा माणूस इथं शोधत बसू नका, त्यात महिने जातील. कामाची वाटणी करा. हातात पिक कसं धरायचं, सूर कसा लावायचा, मेट्रोनोमबरोबर (ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्राबरोबर) कसं राहायचं, हे पाश्चात्त्य वळणाचा कुठलाही नेकीने शिकवणारा गिटार किंवा व्हायोलिनचा शिक्षक शिकवू शकतो. असे शिक्षक कोथरूड-औंधपासून कॅम्पापर्यंत आहेत. त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की मला ग्रेडच्या परीक्षा द्यायच्या नाहीत, मला ताल आणि उजवा हात पक्का करायचा आहे. हे न सांगितल्यास तुम्ही आपोआप परीक्षेच्या गाडीत चढता आणि दोन वर्षांनी हाती प्रमाणपत्र येतं. मग महिन्यातून एकदा, फार तर दोनदा, तिकडच्या वादकाकडे ऑनलाइन तास. दर आठवड्याला तिकडचा तास घ्यायची नवशिक्याला गरज नाही. उजव्या हाताची एक खोड मोडायला तीन-चार आठवडे लागतातच, मधल्या तासांना तुम्ही तेच दाखवणार आणि तो तेच सांगणार.

फीचं म्हणाल तर चांगल्या वादकाची तासाची फी ५० ते १०० डॉलर सहज असते, म्हणजे आपले चार हजार रुपये कुठं गेले नाहीत. अर्धा तास मागा. बहुतेक जण देतात, आणि नवशिक्याचा हात एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त सूचना पचवत नाही. याशिवाय वर्गणी भरून धडे बघायचे आणि स्वतःचा व्हिडिओ पाठवून त्यावर शिक्षकाचं उत्तर मिळवायचं, अशीही सोय आहे. आर्टिस्टवर्क्स या संकेतस्थळावर टोनी ट्रिश्का बँजो आणि माइक मार्शल मँडोलिन असं शिकवत आले आहेत. समोरासमोरच्या तासाला हा पर्याय स्वस्त पडतो, वेळेची कटकट नाही, आणि इतरांच्या व्हिडिओंवर शिक्षकाने काय सांगितलं तेही बघता येतं. तुमच्यासारख्या नोकरदाराने सुरुवात इथून केली तरी चालेल.

वेळेचं गणित आधीच समजून घ्या, नाहीतर पहिल्याच नोव्हेंबरात गोंधळ होतो. उदाहरणार्थ, उन्हाळ्यात अमेरिकेतलं नॅशव्हिल शहर आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेअकरा. शिक्षकाने शुक्रवारी रात्री आठची वेळ दिली असेल तर ती आपल्याकडे शनिवारी सकाळी साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि तोच तास साडेसातला येतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेसहा. शनिवारची सकाळ मला सगळ्यांत सोयीची वाटते, घर झोपलेलं असतं आणि तिकडचा माणूस रात्रीच्या निवांतपणात असतो. आणखी एक गोष्ट: तिकडचे वाजवते कलाकार उन्हाळाभर महोत्सवांच्या दौऱ्यावर असतात. मे ते सप्टेंबर तास रद्द होत राहतात, पुढे ढकलले जातात. म्हणून सुरुवात दिवाळीनंतर करा, सलग चार महिने मिळतील.

ऑनलाइन तासाला तांत्रिक बाजू दोनच, पण त्या सांभाळल्या नाहीत तर फी पाण्यात. पहिली, व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर माणसाचं बोलणं ओळखून बाकीचा ‘गोंगाट’ कापतं, आणि त्याच्या लेखी बँजो हा शुद्ध गोंगाट. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाचा पर्याय आहे, तो चालू करा. नाहीतर तुमचा प्रत्येक तिसरा सूर शिक्षकापर्यंत पोचतच नाही आणि तो बिचारा तुमच्या लयीला दोष देत बसतो. इअरफोन वायरचे वापरा. दुसरी, कॅमेरा. सगळे जण लॅपटॉप समोर ठेवून चेहरा दाखवतात. चेहऱ्याचं काय करायचंय? मोबाइल वेगळ्या स्टँडवर, गुडघ्याच्या उंचीवर, उजव्या हाताकडे किंचित खालून वर बघणारा लावा, आणि खिडकीचा उजेड हातावर येऊ द्या. दोन उपकरणांवरून एकाच कॉलला जोडलं तरी चालतं, फक्त एकाचा आवाज बंद ठेवा. आवाज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे एकत्र वाजवणं ऑनलाइन जमत नाही. शिक्षकाला आधीच सांगा की तुमची साथ ध्वनिमुद्रित करून पाठवा, मी तिच्यावर वाजवून दाखवेन.

आता एक आपल्या स्वभावाची गोष्ट. आपण गुरूंसमोर बसून वाढलेली माणसं. शिक्षकाने “समजलं का?” विचारलं की समजो न समजो, “हो सर”. गुरुजी बरोबर ओळखतात आणि पुन्हा वाजवून घेतात, म्हणून इथं ते खपून जातं. तिकडचा शिक्षक तुमचं “हो” खरं मानतो आणि पुढे जातो. तो पहिल्या नावाने हाक मारायला सांगेल, आणि तुम्ही प्रश्न आणावेत अशी त्याची अपेक्षा असते. प्रश्न नसतील तर तो एखादी नवी ट्यून काढून देईल, अर्धा तास संपेल, दोघंही खूश, आणि हात होता तिथंच. म्हणून प्रत्येक तासाला स्वतःची एक मिनिटाची क्लिप तयार ठेवा, आणि एकच प्रश्न: इथं माझी लय का पडते? तास रेकॉर्ड करायची परवानगी सुरुवातीला मागा, बहुधा मिळते.

शिक्षक बरा की नाही हे पहिल्या तासातच कळतं. तुमचं वाजवणं ऐकण्याआधी ज्याने टॅब पाठवले, त्याच्याकडे दुसरा तास घेऊ नका. चांगला शिक्षक आधी चाल गुणगुणायला लावतो. जी गळ्यातून येत नाही ती बोटातूनही येणार नाही, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. दुसरी खूण म्हणजे तो साथ शिकवतो. एकल वाजवणं सगळ्यांनाच हवं असतं, पण पाच जणांच्या बैठकीत तुमच्या वाट्याला एकल वादन पाचातला एक भाग येतं आणि बाकी चार भाग दुसऱ्याच्या मागे गप्प, नेमकं वाजवायचं असतं. साथीवर निम्मा वेळ देणारा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका.

बँजो की मँडोलिन? फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, पिक धरायची सवय असलेल्या माणसाला मी मँडोलिन सुचवीन. गिटारवरचा उजवा हात बऱ्यापैकी तसाच वापरता येतो आणि चॉप जमला की तुम्ही लगेच कुणाच्याही मागे उपयोगी पडता. पण तुमचं वेड बँजोचं असेल तर मँडोलिन घेऊन स्वतःची समजूत काढू नका, ती धूळ खात पडेल. शेजाऱ्यांसाठी उपाय आहेत. बँजोच्या मागच्या पोकळीत हातरुमाल कोंबा, घोडीवर कपडे वाळत घालायचे दोन लाकडी चिमटे लावा. आवाज निम्म्याहून खाली येतो. दुपारी एक ते चार तरीही वाजवू नका, हे पुणं आहे.

खरेदीबद्दल थोडंच. पेठेतल्या दुकानात नुसतं ‘बँजो’ म्हणालात तर पुढ्यात बटणांचं बुलबुलतरंग येईल, कारण वरातीतल्या आणि मिरवणुकीतल्या बँजो पार्टीचं वाद्य ते. पाच तारांचा, मागे लाकडी रेझोनेटर (आवाज पुढे फेकणारं झाकण) असलेला बँजो असं सांगा. ऑनलाइन मागवताना फोटोत मानेच्या बाजूची पाचवी खुंटी दिसतेय का ते बघा. चार तारांचा टेनर बँजो दिसायला तसाच, पण त्यावर हे रोल बसत नाहीत. तारा लूप-एंड, म्हणजे टोकाला फास असलेल्या, लागतात, मँडोलिनलाही. दोन-तीन संच एकदमच मागवून ठेवा. बँजो आणि मँडोलिन दोन्हींची घोडी चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या ताणावर उभी असते. म्हणून सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, एक काढायची, एक चढवायची. घोडी सरकली असेल तर बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथंच दाबून निघणारा सूर जुळवून बघा. दाबलेला चढा असेल तर घोडी मागे, म्हणजे मानेपासून दूर. उतरा असेल तर पुढे. पावसाळ्यात हे काम निघतंच. सतार दुरुस्त करणाऱ्या कसबी कारागिराकडून खाचा-खुंट्यांची कामं करून घेता येतात, फक्त त्याला निक्षून सांगा की या घोडीला जवारी काढायची नाही.

मुलीबद्दल. ती व्हायोलिन कुठल्या पद्धतीने शिकते यावर सगळं आहे. हिंदुस्थानी पद्धतीने शिकत असेल, म्हणजे मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून, सा-प जुळणीत, तर तिला आत्ता फिडलकडे वळवू नका. जुळणी वेगळी, बसणं वेगळं, बोटांचा हिशेब वेगळा. दहाव्या वर्षी दोन्ही एकदम म्हणजे दोन्हींची वाट. तिचा कान तयार होतोय तो होऊ द्या, चार-पाच वर्षांनी तिला हवं तर ती स्वतः ओलांडून येईल. पाश्चात्त्य पद्धतीने शिकत असेल तर मात्र सोनं आहे, कारण व्हायोलिन आणि मँडोलिन यांची जुळणी अगदी एकच: खालून वर जी, डी, ए, ई. तिची बोटं जिथं पडतात तिथंच तुमचे पडदे. एकाच नोटेशनवरून दोघांना वाजवता येईल. तिला शिकायचं ते उजव्या हाताचंच: गजाचा ‘शफल’, एक लांब आणि दोन छोटे घाव, आणि शेजारची तार बरोबरीने घासत ठेवणं. शास्त्रीय शिक्षकांना हे कधीकधी गावंढळ वाटतं. त्यांची परवानगी घ्या, मागून करू नका.

राहिला प्रश्न कुणाबरोबर वाजवायचं. याशिवाय शिकवणीला अर्थ नाही. अमेरिकेत पीट वर्निक या बँजोवादकाने नवशिक्यांना थेट जॅममध्ये, म्हणजे एकत्र वाजवायच्या बैठकीत, बसवून शिकवायची पद्धत काढली, आणि तिचा पाया असा की दोन-तीन कॉर्डची गाणी, सावकाश लय, आणि एकल वादन जमलं नाही तरी साथ सोडायची नाही. हे पुण्यात करायला कुणाची परवानगी लागत नाही. एक गिटारवाला, एक तुम्ही, जमलं तर एखादा बेस. कॉर्ड आकड्यांनी सांगतात: एक, चार, पाच. म्हणजे सा, म, प. गाणाऱ्याची पट्टी बदलली तरी आकडे तेच राहतात, त्यामुळे हार्मोनियमवर पट्ट्या बदलत वाढलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत समजतं. एकल वादन गोलाने फिरतं. पाळी नको असेल तर मान हलवायची, पुढचा घेतो. गाणं संपवायचं असेल तर गाणारा एक पाय पुढे उचलतो, की सगळे त्या आवर्तनाला थांबतात. मेट्रोनोम लावलात तर तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजतोय असं धरून चाला, म्हणजे चॉपची जागा तो दाखवतो. तिकडच्या जलद गतीत बँजोचे सेकंदाला आठ-दहा सूर पडतात, त्याच्या नादी आत्ता लागू नका.

आणि एक आग्रहाची विनंती. बैठक ठरली की कुणी ना कुणी म्हणेल, माझा मित्र तबला छान वाजवतो, किंवा माझ्याकडे कहोन (हाताने वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य) आहे, घेऊन येतो. प्रेमाने नको म्हणा. ठेका धरणारं कुणी आलं की बाकीच्यांचे उजवे हात त्याच्यावर रेलतात. गिटार सैल, चॉप सैल, आणि गंमत म्हणजे ऐकायला सगळं छान वाटतं. पहिलं वर्षभर तरी त्याला चहाला बोलवा.